केसातलं पाणी

हेमांगीबाई मेहकरे यांना आणखी एक सेंटिमीटर केस हवा होता, आणि तो कोकणातल्या खवणे गावीच वाढायला हवा होता. पण त्या बसल्या होत्या सिक्कीममधल्या रावंगला गावी, एका हॉटेलच्या काचेच्या व्हरांड्यात. पुढ्यात आलू पराठा, डावीकडे मुलगी, उजवीकडे मुलगा. आईला पासष्टावं वर्ष पूर्ण झालं म्हणून दोघांनी मिळून ही सहल भेट दिली होती. जावई नागपूरला आणि सून नाशिकला आपापली मुलं सांभाळत होते. इथे तिघंच. असं तिघंच एकत्र यायला कित्येक वर्षं लागली होती, त्यामुळे हेमांगीबाई सकाळपासून खुशीत होत्या.

तेवढ्यात शर्वरीचा फोन किणकिणला.

"आई, हे काय? ज्येष्ठ हमीची नोंदणी. मुदत आज संपते. आज! तू तर म्हणाली होतीस, झाली म्हणून."

"होईल म्हणाले होते."

"झाली म्हणाली होतीस. निनादकडे असतानाच करून आले, असं म्हणालीस."

निनादने पराठ्यातून मान वर काढली. "मला तर म्हणाली, ताईकडे गेल्यावर करते."

दोघांनी आईकडे पाहिलं. आईने लोणच्याची फोड निवडण्यात बराच वेळ घेतला.

"खालच्या चौकात सरकारी दवाखाना आहे," शर्वरी उठलीच. "केशवाचक असणारच तिथे. हल्ली कुठूनही नोंदणी होते. बुद्ध पार्क दुपारी. आधी हे."

"अगं, सहलीला आलोय आपण..."

"आई, तुझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदू सुरू झालाय. मुदत चुकली तर दोन वर्षं काहीही मिळणार नाही आणि पुढे जन्मभर जास्त हप्ता. दोन वर्षांत डोळ्याचं काय होईल? ऊठ."

ज्येष्ठ हमी ही काही टाळण्यासारखी गोष्ट नव्हती. पासष्टाव्या वाढदिवसाच्या आगेमागे काही महिन्यांची मुदत असे. तेवढ्यात नाव नोंदवलं की उरलेल्या आयुष्याचे उपचार, औषधं, महिन्याला घरी येणारी नर्स, सगळं सरकारकडे. अट एकच होती. तुमचं घर कुठे आहे ते ठरलं पाहिजे. कारण नर्स त्या घरी येणार, औषधं तिथल्या उपकेंद्रात येणार आणि त्या गावाला तुमच्यापुरता निधी मिळणार. एकदा ठरलेलं घर पाच वर्षं बदलता येत नव्हतं.

आणि घर कुठे आहे, हे माणसाला विचारून उपयोग नसतो, हे सरकारला पहिल्याच वर्षी कळलं होतं. निम्म्या महाराष्ट्राने आपापल्या भाच्या-पुतण्यांचे पुण्यातले पत्ते दिले होते. म्हणून मग केस आला.

पाणी सगळीकडे सारखं दिसतं, पण सारखं नसतं. त्यातले काही ऑक्सिजनचे अणू बाकीच्यांपेक्षा किंचित जड असतात. समुद्रावरून निघालेला ढग बरसू लागला की जड अणू असलेलं पाणी आधी खाली येतं. म्हणून किनाऱ्यावरच्या पावसात त्यांचं प्रमाण जास्त, आणि ढग जसजसा आत किंवा उंचावर जातो तसतसं ते घटतं. आपण प्यायलेल्या पाण्यातले हे अणू वाढत्या केसात जाऊन बसतात आणि तिथेच राहतात. बाटलीतलं पाणी पिणाऱ्यांमुळे थोडा गोंधळ होतो, पण त्यांचाही भात नळाच्याच पाण्यात शिजतो. त्यात खडकाची भर पडते. नाशिकचा काळा कातळ लाव्हारसाचा, भूशास्त्राच्या हिशेबात तरुण. दक्षिण कोकणातला खडक त्याच्या कितीतरी पट जुना. जुन्या आणि तरुण खडकांत स्ट्रॉन्शियम नावाच्या मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण वेगळं असतं, आणि विहिरीतून, भाजीतून तेच प्रमाण माणसात उतरतं. खाल्लेल्या धान्याची, मांस-माशांचीही खूण अशीच केसात उरते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टाळूपासून बारा सेंटिमीटर मोजले की माणसाचं मागचं वर्ष हातात येतं.

हे सगळं काही वर्षांपूर्वीही शोधता येत होतं, पण त्यासाठी खोलीभर यंत्र आणि आठवडाभर वेळ लागायचा. आता शिवणयंत्राएवढी पेटी आली होती. ती केसावरून लेझरचा बारीक किरण फिरवी आणि पाच मिनिटांत सांगे की तुम्ही कुठे राहिलात. या पेटीने गावोगाव गंमत केली होती. कागदोपत्री ओस पडलेल्या वाड्यांमध्ये भरपूर म्हातारी माणसं राहतात असं दिसलं आणि तिथे नर्स आल्या. "मी मतदारसंघातच राहतो" म्हणणाऱ्या पुढाऱ्यांकडे लोक केस मागू लागले, आणि टक्कल असलेल्यांचं फावलं.

हेमांगीबाईंनी अकोल्याच्या कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं होतं. आपल्या केसात काय लिहिलंय याची त्यांना पूर्ण कल्पना होती. म्हणूनच त्या नोंदणी टाळत होत्या.

*

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, अकोल्याचा फ्लॅट विकला गेला आणि मुलांनी प्रेमाने ठरवलं, सहा महिने आई नाशिकला, सहा महिने नागपूरला. पहिल्याच फेरीला घोळ झाला. नाशिकला निरोप झाला. सुनेने हातावर दही घातलं, दशम्यांचा डबा बांधून दिला, सोसायटीतल्या चार बायका फाटकापर्यंत आल्या. आणि रिक्षात बसताना शर्वरीचा फोन, "आई, फरशीचं काम लांबलंय, आठ दिवसांनी ये ना." हातावर दही घेऊन निघालेल्या बाईने परत जिना चढून बॅग उघडायची कशी? हेमांगीबाईंनी तिकीट बदललं आणि कोकणात, वेंगुर्ल्याजवळच्या खवणे गावी, एका जुन्या सहकारी बाईंकडे गेल्या. त्या बाई नेमक्या गोव्याला गेल्या होत्या. शेजारच्या सुगंधा केळुसकरने आपल्या घरामागची खोली उघडून दिली.

आठ दिवसांचा महिना झाला. नाशिकला वाटलं, आई नागपूरला पोचली. नागपूरला वाटलं, आईला नाशिकहून निघवत नाहीये. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं की "तुझ्याकडेच का जास्त" हा विषय निघणार.

पुढच्या फेरीला हेमांगीबाईंनी तेच जाणूनबुजून केलं. नाशिकहून ठरल्यापेक्षा आधी निघायचं, नागपूरला ठरल्यापेक्षा उशिरा पोचायचं. मधले महिने खवणे. हल्लीचा फोन मागचं दृश्य हवं ते दाखवतो आणि नको ते आवाज गाळतो. शर्वरीशी बोलताना त्यांच्या मागे निनादची गॅलरी असे, निनादशी बोलताना शर्वरीचा झोपाळा. कोंबडे आणि समुद्र फोन स्वतःहूनच गाळून टाकी.

खवण्यातल्या बायका पर्यटकांना होडीतून खाडीतली खारफुटी दाखवायला नेत. हेमांगीबाई आधी नुसत्या होडीत बसून झाडांची माहिती सांगत. मग एकदा सुगंधाने त्यांच्या हातात वल्हं दिलं.

लबाडी उघडी पडू नये असं त्यांना वाटत होतं, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. नियम असा होता की वर्षाच्या केसात एखादं ठिकाण निम्मं भरलं की यंत्र तेच घर म्हणून लावी. निम्मं नसेल तर माणसाने स्वतः सांगायचं. खवण्याचे पाच सेंटिमीटर झाले होते. आणखी एक झाला असता, तर त्यांना तोंडाने काही बोलावं लागलं नसतं. अरे, मशीननेच ठरवलं, मी काय करणार, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. तो महिना त्यांनी शेवटी राखून ठेवला होता. पण नातवाच्या परीक्षेमुळे नाशिकचा मुक्काम लांबला आणि पाठोपाठ ही सहल आली.

*

"केस विंचरून येते," म्हणून त्या हॉटेलच्या खोलीत गेल्या आणि अंबाडा घालून आल्या. चांगला नारळाएवढा अंबाडा. शर्वरीने वाढदिवसाच्या फोटोंसाठी त्यांना गंगावन आणून दिलं होतं. खऱ्या केसांचं, लांबसडक. ते त्यांनी आत गुंडाळलं होतं, आणि त्यातलीच एक बट वर सुटी ठेवली होती. परक्या केसाने यंत्र गोंधळलं की नमुना बाद, आणि नमुना बाद झाला की पंधरा दिवसांची सवलत. नियम त्यांनी नीट वाचले होते. आयुष्यभर परीक्षेत नक्कल पकडलेल्या बाईला स्वतः नक्कल करताना कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटत होतं.

दवाखाना छोटा आणि स्वच्छ होता. खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. पेटीपाशी पेमा नावाची तिशीची हसरी बाई होती. ती हिंदीत बोलत होती, पण हेमांगीबाईंना तिकडच्या पद्धतीने 'आमा', म्हणजे आई, म्हणत होती.

"आमा, एक केस द्या. टाळूकडचं टोक या लाल खुणेवर ठेवा."

हेमांगीबाईंनी अंबाड्यातली सुटी बट ओढली, कात्रीने एक केस कापला आणि खुणेवर ठेवला. पेटी मंद गुणगुणली. पडद्यावर केसाचं मोठं चित्र आलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पिवळ्या रंगाचं.

"वा," पेमा म्हणाली, "इतका स्वच्छ नमुना फार दिवसांनी आला. वर्षभर एकाच जागी. आंध्र प्रदेश, दक्षिणेचा ग्रॅनाइटचा पट्टा. आहारात भात भरपूर, मटण अधूनमधून. हेच घर लावू का?"

"लावू नका!" तिघंही एकदम म्हणाले.

निनाद पडद्याजवळ गेला. "आई, तू वर्षभर आंध्रात राहून मटण खात होतीस?"

शर्वरी मात्र आईच्या डोक्याकडे पाहत होती. मग ती पुढे झाली, आईचा अंबाडा तिने दोन बोटांनी हळूच उचलला आणि तो सबंध हातात आला.

"तिरुपतीला कुणीतरी नवस फेडलाय," ती म्हणाली, "आणि त्या बिचारीची नोंदणी आपण सिक्कीममध्ये करतोय."

पेमा टेबलावर डोकं टेकून हसली. निनाद खोकला येईपर्यंत हसला. हेमांगीबाईसुद्धा हसल्या, पण त्यांच्या लक्षात आलं की आता दुसरी युक्ती नाही.

"आता खरा द्या आमा," डोळे पुसत पेमा म्हणाली. या वेळी केस तिने स्वतःच कापला, मानेजवळचा, टाळूला कात्री लावून.

*

दुसरं चित्र पट्ट्यापट्ट्यांचं आलं. तांबडा, निळा, जांभळा, पुन्हा निळा, पुन्हा तांबडा.

"टाळूपासून बघू," पेमा सांगू लागली. "हा तांबडा, लाव्हारसाचा खडक, गोदावरीचं वरचं खोरं. नाशिक. इथे ज्वारी-बाजरी बरीच आहे."

"आमच्याकडे रोज भाकरी असते," निनाद अभिमानाने म्हणाला.

"जांभळा नागपूर. गहू आणि तांदूळ."

"बरोबर," शर्वरी म्हणाली. "मी इतकी पातळ आहे तर, त्या केसात! बघ निनाद, मी तुला म्हणत होते ना, तू तिला सोडतच नाहीस."

"मी सोडत नाही? माझ्याकडून आषाढीलाच निघाली. तुझ्याकडेच तर..." निनाद थांबला. त्याने बोट ठेवलं. "हे निळं काय आहे?"

"समुद्र," पेमा म्हणाली. "अगदी किनारा. जुना खडक. सिंधुदुर्ग जिल्हा, वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला. दोन तुकडे मिळून पाच सेंटिमीटर. आणि इथे समुद्रातले मासे आहेत. भरपूर."

मग शर्वरीने निर्वाळा दिला, "पेटी बिघडली आहे. माझी आई चातुर्मासात कांदासुद्धा खात नाही."

"नायट्रोजन चुकत नाही, दीदी."

"अहो, पण ती अंड्याचा केक आला की ताटली बदलते!"

"आई?" निनाद म्हणाला.

हेमांगीबाई खिडकीतल्या जिरेनियमकडे पाहत होत्या. "बांगडा," त्या म्हणाल्या. "कधीकधी सुरमई. सुरमई महाग पडते."

निनाद बाकावर बसला.

"नायट्रोजनचंही पाण्यासारखंच आहे," हेमांगीबाईंचा आवाज नकळत वर्गातला झाला. "शेवाळ्यापेक्षा ते खाणाऱ्या जिवात जड नायट्रोजन जास्त, त्याला खाणाऱ्या माशात अजून जास्त. समुद्रात ही साखळी लांब असते. म्हणून समुद्राचा मासा खाल्ला की केसात..."

"आई, शिकवू नकोस," शर्वरी म्हणाली. "कुठे होतीस तू?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. हातावर दही घेऊन निघाल्यापासून सगळं. सुगंधा, घरामागची खोली, खाडी, होडी. फोनमधला झोपाळा आणि गॅलरी सांगताना त्यांची मान खाली गेली. पेमाला मराठी येत नव्हतं, पण तिने मधेच उठून तिघांना गरम पाणी आणून दिलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

"दोन वर्षं," शर्वरी म्हणाली. "दोन वर्षं मला वाटतंय की तुला माझ्यापेक्षा निनादकडे बरं वाटतं. माझं काय चुकतं ते शोधत बसलेय मी. तुझी खोली रंगवून घेतली."

"मला वाटलं तुला ताईकडेच करमतं," निनाद म्हणाला. "या दिवाळीला मी ताईला फोनसुद्धा केला नाही, रागाने."

"मला वाटलं तू विसरलास."

"विसरेन कसा? ठरवून नाही केला."

दोघं एकमेकांकडे पाहू लागले. आईचा राग करायला वेळ होता. आधी त्यांना हे दुसरं काहीतरी हाताळायचं होतं. दोन वर्षं एकाच चोरीचा आळ त्यांनी एकमेकांवर घेतला होता आणि चोरी दोघांनीही केली नव्हती. निनादच्या तोंडाचा कोपरा आधी हलला.

"तायडे, तू रंग कोणता लावलास?"

"फिक्कट निळा," शर्वरी म्हणाली आणि पडद्यावरच्या निळ्या पट्ट्याकडे बघून तिला एकदम हसू फुटलं. ते रडण्याच्या फार जवळचं होतं, पण हसूच होतं.

पेमाने घसा साफ केला. "आमा, कुठलंच ठिकाण निम्म्याला पोचत नाही. म्हणजे पेटी ठरवणार नाही. या तिन्हींपैकी तुमचं घर कोणतं, ते तुम्ही सांगायचं."

हेच त्यांना नको होतं.

"नाशिक सांग," निनाद म्हणाला. "डोळ्यांचं हॉस्पिटल घरापासून चालत जाण्यासारखं आहे."

"नागपूरला तिचे डॉक्टर आहेत, फाइल आहे, सगळं आहे," शर्वरी म्हणाली. "आई, माझ्याकडेच राहा असं नाही म्हणत. नोंदणी फक्त. आणि तिकडे कोकणात जात जा ना चार-आठ दिवस. आम्ही नाही कुठे म्हणतोय? पण दोन मुलं असताना आईचं घर म्हणून भाड्याची खोली लिहायची? लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझा केस दाखवू नकोस."

"चेष्टा नको."

हेमांगीबाईंनी गरम पाण्याचा घोट घेतला. या क्षणी 'नाशिक' म्हटलं असतं तर निनादचा चेहरा उजळला असता, 'नागपूर' म्हटलं असतं तर शर्वरीचा. पाच वर्षं नर्स त्या दारी आली असती, आणि त्या दारी हेमांगीबाई असाव्या लागल्या असत्या. पाच वर्षांनी त्या सत्तर वर्षांच्या झाल्या असत्या. तेव्हा वल्हं हातात राहिलं असतं का, ते सांगता येत नव्हतं.

"तुमच्या घरी मला काही कमी नाही," त्या म्हणाल्या. "खरंच नाही. गरम जेवण, स्वच्छ चादर, नातवंडं. पण निनाद, तुझ्याकडे माझी बॅग कुठे असते?"

"कॉटखाली."

"शर्वरी, तुझ्याकडे?"

"कॉटखालीच. का?"

"खवण्यात ती माळ्यावर आहे. काढायची तर शिडी लावावी लागते." त्या पेमाकडे वळल्या आणि हिंदीत, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "लिहा. खवणे."

बोलून झाल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं. इतकं सोपं होतं. एवढ्यासाठी त्या महिन्यामहिन्याने केस मोजत होत्या.

शर्वरी पाठमोरी होऊन खिडकीशी गेली. निनादने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"डोळ्यांचं?" खिडकीकडूनच शर्वरीने विचारलं.

"डोळ्याचा दाब बघायचं यंत्र नर्स घरी घेऊन येते. थेंब उपकेंद्रात मिळतात. ऑपरेशनची वेळ आली तर तुझ्याकडे येईन, तुझ्याच डॉक्टरांकडे. फिक्कट निळ्या खोलीत."

पाठ हलली नाही, पण खांदे जरा खाली आले.

*

एक गोष्ट राहिली होती. अडीअडचणीला धावून येईल असं त्या गावातलं एक माणूस लागत होतं आणि त्याने समोर येऊन हो म्हणायला हवं होतं. हेमांगीबाईंनी फोन लावला, आणि या वेळी मागचं दृश्य बदललं नाही.

पडद्यावर सुगंधा केळुसकर आली. कमरेला पदर खोचलेला, मागे ओल्या जाळ्यांचा ढीग.

"काय गो मास्तरणी, खंय आसस? हंय होडयेत बसूक माणसां उभी आसत, आणि झाडांची नावां माका येनत नाय. मी सगळ्याक 'झाड' म्हणान सांगतंय."

"सिक्कीमला आहे. मुलं आहेत बरोबर."

फोन एकदम जवळ आला, नुसते डोळेच दिसू लागले. "ही तुजी पोरां? सांगलंस तेंका?"

"आत्ताच."

"बरां केलंस. माजा पोट दुखा होता लपवन लपवन."

पेमाने प्रश्न हिंदीत विचारला, निनादने तो मराठीत सांगितला. रात्री-बेरात्री गरज पडली तर याल का?

"रातीक फोन कित्याक?" सुगंधा म्हणाली. "भिंतीवर मूठ मारूची. मधी एकच भिंत आसा."

निनादने हे हिंदीत कसं सांगायचं यावर थोडा विचार केला आणि म्हणाला, "हो म्हणतात."

शर्वरी खिडकीपासून वळून आईच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली. "मावशी, आई होडी चालवते हे खरं आहे?"

"चालवता? ती माज्या भावाक हरयता. हात बघ मगे तिचे!"

शर्वरीने आईचा हात उलटा करून पाहिला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, चार पिवळट घट्टे होते. ती त्यांवरून अंगठा फिरवत राहिली. दोन महिने नाशिकला राहूनही ते गेले नव्हते.

पेमाने कळ दाबली. पेटीवरचा दिवा हिरवा झाला.

"झालं, आमा. तुम्ही खवण्याच्या."

"आणि रावंगला? इथलं नाही आलं केसात?" निनादने विचारलं.

"अजून त्वचेखाली आहे," पेमा म्हणाली. "आठवड्याभरात वर येईल. बारीक रेघ असेल. पेटीला दिसणारसुद्धा नाही."

*

बुद्ध पार्क बघून येईपर्यंत तिघांनाही सपाटून भूक लागली होती. हॉटेलच्या खालच्या मजल्यावर, डोंगराकडच्या टेबलावर, ते बसले. हेमांगीबाईंनी नेहमीसारखं डाळ-भात म्हटलं. शर्वरीने मेनूकार्ड त्यांच्या हातातून घेतलं, मागची बाजू उलटली आणि परत त्यांच्यासमोर ठेवलं.

"इथे ट्राउट मिळतो. नदीचा मासा."

"असू दे गं."

"मागव की. केसात तर आहेच, मग ताटात असायला काय झालं?"

निनाद कळवळला. "ताई, निदान मी उठून जाईपर्यंत तरी..."

"तू तिकडे डोंगर बघ."

मासा आला. आख्खा, डोळ्यासकट, वर कोथिंबीर. निनाद खरोखरच डोंगराकडे पाहू लागला. हेमांगीबाईंनी आधी दोन्ही मुलांकडे पाहिलं, मग बाह्या सारल्या. कण्याच्या बाजूने बोट फिरवून त्यांनी वरचा अर्धा भाग अलगद सोडवला, शेपटीकडून काटा धरला आणि डोक्यापर्यंत सबंध उचलून ताटलीच्या कडेला ठेवला. एकही बारीक काटा मागे राहिला नाही. शर्वरी बघतच राहिली. आईला पोळी लाटताना, पेपर तपासताना, भांडताना तिने हजारदा पाहिलं होतं. हे हात ती पहिल्यांदाच पाहत होती.

हेमांगीबाईंनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले, विचार केला.

"कसाय?" न राहवून निनादनेच विचारलं.

"वाईट नाही. पण गोड्या पाण्याचा आहे, चव जरा झोपलेली." त्यांनी भातावर रस्सा घेतला. "कोकम नाही ना यात. सुगंधा घालते तेव्हा कळतं मासा काय असतो ते."

शर्वरीने इकडेतिकडे पाहिलं, करंगळी रश्श्यात बुडवली आणि चाखली. तिचा चेहरा लहानपणी औषध घेताना व्हायचा तसा झाला, मग हळूहळू पूर्ववत.

"नुसता रस्सा," ती निनादला म्हणाली. "मासा नाही."

"मला काही सांगू नकोस. मी डोंगर बघतोय."

हेमांगीबाई हसल्या. आजवर त्यांनी मुलांच्या दारात उभं राहून कितीदा तरी म्हटलं होतं, "आले रे." आता त्यांना वेगळं काहीतरी म्हणायचं होतं आणि ते शब्द तोंडात घोळवताना त्यांना मजा वाटत होती.

"मे महिन्यात या," त्या म्हणाल्या. "मुलांना घेऊन, दोघंही एकदम. खोली लहान आहे, पण अंगण मोठं आहे. निनाद, तुझ्यासाठी फणसाची भाजी करीन. या माझ्याकडे."